अकरा मिनिटं शिल्लक

प्रूफकाकांचं खरं नाव आता फक्त त्यांच्या पासबुकावर उरलं आहे. बाकी अख्खा रस्ता त्यांना प्रूफकाका म्हणतो. शेजारचे चष्मेवाले ऐंशीला टेकलेत आणि काका चौसष्टचे, तरी चष्मेवालेही त्यांना काकाच म्हणतात आणि त्यात दोघांनाही काही वावगं वाटत नाही.

छापखान्यात त्यांनी एकतीस वर्षं प्रूफं तपासली. औषधांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या, शाळेची पुस्तकं, मशीनसोबत येणारी माहितीपत्रकं, समोर येईल ते वाचलं. टेलिफोन डिरेक्टरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल तर एकदा काकांना पाहून या. संसारात या सवयीचा फार त्रास होतो. हातात बिस्किटाचा पुडा दिला तर काका आधी पुडा वाचतात, मग बिस्किट खातात, आणि तोवर समोरचा चहा पार निवून गेलेला असतो. काकूंनी याबाबतीत पहिल्या दोन वर्षांतच हात टेकले.

पुढे छापखाना बंद पडला. निरोपाच्या दिवशी मालकांनी प्रत्येकाला काही ना काही दिलं, त्यात काकांच्या वाट्याला एक बिघडलेला कॉम्प्युटर आला. तुम्हाला उपयोगी पडेल, असं मालक म्हणाले. तो उचलून न्यायला त्यांना कोणीतरी हवंच होतं. काकांनी तो घरी आणून सुरू केला तेव्हा पडद्यावर चार ओळी आल्या. काकांनी त्या वाचल्या, त्यात जे करायला सांगितलं होतं ते केलं, आणि कॉम्प्युटर मुकाट्याने चालू झाला. छापखान्यातल्या तीन हुशार माणसांनी तो मोडीत काढला होता. त्या चार ओळी त्या तिघांनाही दिसल्या असणार, पण वाचल्या कोणीच नव्हत्या.

काकांच्या नव्या धंद्याचं सगळं भांडवल ते एवढंच. त्यांना आजही कॉम्प्युटरच्या पोटातलं फार कळतं असं नाही, आणि ते तसं स्वतःच सांगतात. त्यांना वाचता येतं, आणि बाकीच्यांना तेवढा धीर नाही. पडद्यावर काही आलं की लोक डास मारल्यासारखं चटकन बटण दाबून मोकळे होतात, आणि वर विचारतात की हे असं का झालं.

काकूंचं कपडे दुरुस्तीचं छोटंसं दुकान होतंच. त्यांनी कापायच्या टेबलाचं एक टोक काकांना दिलं आणि मधे खडूने रेघ मारली. रेघेच्या अलीकडे पँटींची लांबी कमी व्हायची आणि पलीकडे लॅपटॉपचं आयुष्य वाढायचं. रेघ ओलांडून एखादा स्क्रू अलीकडे आला तर काकू तो बटणांच्या डब्यात टाकायच्या. गल्लीतल्या एका गृहस्थांच्या कोटाला बरेच दिवस तसलं एक बटण होतं, अशी वदंता आहे.

कामाची काकांची पद्धत ठरलेली. आलेल्या माणसाने आधी सगळी हकीकत पहिल्यापासून सांगायची. मग पडद्यावर जे येईल ते त्यानेच मोठ्याने वाचायचं, पूर्ण, शेवटच्या शब्दापर्यंत. आणि 'हो' किंवा 'नको' म्हणायची वेळ आली की बटणही त्यानेच दाबायचं. काका हात मागे बांधून उभे राहायचे. "माल तुमचा, बोट तुमचं," एवढंच म्हणायचे. गिऱ्हाइकं वैतागायची. एवढे मोठे मेकॅनिक आणि बटण आम्ही दाबायचं, असं एकजण म्हणालाही. पण काकांचं त्याबाबतीत ऐकून घ्यायचं काम नव्हतं.

त्याला कारण होतं. सुरुवातीच्या दिवसांत एका बाईंच्या लॅपटॉपवर प्रश्न आला होता की जुन्या फाइली काढून टाकायच्या का. काकांनी तो वाचला, त्यांना तो नीट कळला, आणि बाई फोनवर बोलत होत्या म्हणून त्यांनीच 'हो' दाबलं. त्या जुन्या फाइलींमध्ये बाईंच्या मुलीचे लहानपणापासूनचे फोटो होते. बाई भांडल्या नाहीत. लॅपटॉप बंद करून, पिशवीत घालून निघून गेल्या. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं काका अजून म्हणतात.

अशा या दुकानात एका गुरुवारी सकाळी सिस्टर आल्या. सिस्टर म्हणजे मोठ्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. वय अठ्ठावन्न, बांधा भरभक्कम, आणि आवाज असा की ऐकणाऱ्याने आपोआप बाही वर करावी. त्यांनी लॅपटॉप, डीव्हीडी लावायचा वेगळा ड्राइव्ह आणि पातळ डबीतली एक इवलीशी डिस्क टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या की हे रविवारच्या आत चाललं पाहिजे.

काकांनी स्टूल पुढे सरकवलं आणि पहिल्यापासून सांगा म्हणाले. सिस्टरना आयुष्यभर दुसऱ्यांची हकीकत ऐकायची सवय, स्वतःची सांगायची नाही, त्यामुळे गाडी जरा अडखळत निघाली. पण निघाली.

सिस्टरची मोठी बहीण शाळेत गाणं शिकवायची. गावातल्या निम्म्या माणसांना ती गाण्याच्या बाई म्हणूनच ठाऊक होती. मोठ्या मंचावर कधी गेली नाही, कोणी तिची ध्वनिमुद्रिका काढली नाही, पण घरात, वर्गात, भांडी घासताना, सतत गात असायची. अकरा वर्षांपूर्वी तिच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागलं. माणूस वाचलं, आवाज गेला. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र तिने आठवडाभर वापरून पाहिलं आणि मग ड्रॉवरमध्ये टाकून दिलं. तेव्हापासून ती पाटीवर लिहून बोलते. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात सिस्टरच्या यजमानांनी आपल्या नव्या कॅमेऱ्याने तिचं गाणं चित्रित केलं होतं. तो कॅमेरा असल्या छोट्या डिस्कवरच चित्रण करायचा. जगात तिचा आवाज आहे तो तेवढ्या एका डिस्कमध्ये, आणि रविवारी ती साठ वर्षांची होते आहे.

"अकरा वर्षांत तिने स्वतःचा आवाज ऐकलेला नाही, काका," सिस्टर म्हणाल्या. "आणि आम्हीही नाही."

काकूंचं मशीन मधेच थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

काकांनी लॅपटॉप उघडला. सिस्टरच्या भाच्याने आदल्या दिवशी त्यात एकामागून एक तीन वेगवेगळे प्लेअर घालून ठेवले होते. एक चालत नाही म्हणून दुसरा, दुसरा चालत नाही म्हणून तिसरा, असं त्याने केलं होतं, आणि आता डिस्क आत गेली की तिन्ही प्लेअर एकदम उठून उभे राहायचे आणि एकही धड चालायचा नाही. काकांनी आपली तपासणीची डिस्क काढली. ती कुक्कुटपालनाची माहिती देणारी होती. कोणत्याही मशीनमध्ये काका आधी तीच लावून बघत, त्यामुळे ती त्यांनी तीनचारशे वेळा तरी पाहिली असेल. आयुष्यात एक कोंबडी पाळली नाही, पण पिल्लांना पहिल्या आठवड्यात किती ऊब लागते हे ते झोपेतही सांगतील.

लॅपटॉपमध्ये कोंबड्यांचा आवाज आला, चित्र आलं नाही. मग सिस्टरनी मोठ्याने वाचत एकेक संदेश पार केला, दोन प्लेअर काढून टाकले, तिसऱ्याची नवी आवृत्ती घेतली, लॅपटॉप बंद करून सुरू केला. दर पायरीला त्या लॅपटॉपला म्हणायच्या, "हं, सैल सोडा, काही होत नाही." शेवटी कोंबड्या दिसू लागल्या, आवाजासकट, दाणे टिपताना. सिस्टर खूश झाल्या. मग त्यांची छोटी डिस्क आत गेली, ड्राइव्ह जरा कण्हला, आणि पडद्यावर एक चौकट आली.

"वाचा," काका म्हणाले.

सिस्टरनी वाचलं. डिस्क रिकामी आहे, वापरण्यासाठी तिला नव्याने तयार करायचं का, असं त्या चौकटीत लिहिलं होतं. खाली 'हो' आणि 'नको'. भाच्याच्या घरीही हेच आलं होतं आणि तो 'हो' दाबायला निघाला होता, पण तेवढ्यात त्याला फोन आला, असंही त्यांनी सांगितलं. त्या फोन करणाऱ्या अनोळखी माणसाचे काकांनी मनोमन आभार मानले आणि सिस्टरना 'नको' दाबायला लावलं.

रिकामी हा शब्द सिस्टरच्या तोंडून निघाला होता आणि तो त्यांनाच लागला होता. यजमानांनी तेव्हा चित्रण सुरू करायचं बटणच दाबलं नसेल, ते तसेच आहेत, त्यांना घरातला रिमोट सापडत नाही, असं त्या म्हणाल्या, पण चेष्टेचा सूर लागला नाही.

काकांनी डिस्क बाहेर काढून दाराशी उजेडात तिरकी धरली. मग भिंग लावलं. डिस्कच्या चकचकीत बाजूवर मधल्या भोकापासून निघालेला एक पट्टा जरा गडद दिसत होता, बाहेरचा भाग फिका होता. त्यांनी सिस्टरच्या हातात भिंग दिलं. गडद आहे तेवढ्या भागात काहीतरी लिहिलं गेलं आहे, काका म्हणाले, रिकामी डिस्क सगळीकडे सारखी दिसते. लॅपटॉप मुद्दाम खोटं सांगतोय असं नाही, त्याला वाचता येत नाहीये.

आणि मग काकांनी ते केलं जे अकरा वर्षांत कोणी केलं नव्हतं. डबीच्या झाकणात आठ घड्या घालून खोचलेला एक कागद होता, तो काढून ते वाचत बसले. अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. सिस्टर एकदा घड्याळाकडे आणि एकदा काकूंकडे बघत होत्या. काकूंनी हाताने खूण केली की बसा, आता इलाज नाही. कागदाच्या मागच्या बाजूला, डिस्क उन्हात ठेवू नये आणि तोंडात घालू नये याच्या मधोमध, एक वाक्य होतं. चित्रण संपल्यावर डिस्क त्याच कॅमेऱ्यात फायनलाइज करावी, त्याशिवाय ती दुसऱ्या कुठल्याही यंत्रात दिसणार नाही.

फायनलाइज म्हणजे काय ते काका समजावून सांगू लागले आणि अडकले. काकूंनी मशीनवरून मान वर न करताच सांगितलं, "शिवण संपली की शेवटी गाठ मारतात ना, ती मारायची राहिली आहे."

शुक्रवारी सिस्टर कॅमेरा घेऊन आल्या. माळ्यावर तो सापडला होता, आणि त्याचा चार्जर जुन्या रक्तदाबाच्या मशीनच्या पिशवीत. बॅटरी मेली होती, पण वायर थेट लावल्यावर एक बारीक हिरवा दिवा लागला आणि तिघांनीही एकदम श्वास सोडला. काकांनी डिस्क आत ठेवली. कॅमेऱ्याच्या काड्यापेटीएवढ्या पडद्यावर एक बाई दिसू लागल्या. पन्नाशीच्या आत-बाहेर, खुर्चीत ताठ बसलेल्या, एक हात मांडीवर ठेका धरत, डोळे मिटून गात असलेल्या. आवाज मात्र नव्हता. कॅमेऱ्याचा स्पीकर गेला होता, आणि दुसरीकडे आवाज न्यायची त्याची वायर अशा काही चमत्कारिक तोंडाची होती की ती सिस्टरच्या माळ्यावरही नव्हती आणि काकांच्या डब्यातही.

सिस्टरनी पडदा हाताने झाकला. तोंड हलतंय आणि आवाज नाही, हे मी रोजच बघते, म्हणाल्या.

काकांना फार वाईट वाटलं. त्यांनी घाईघाईने मेनू उघडला, खाली खाली जात ती ओळ शोधली, आणि कॅमेरा सिस्टरपुढे धरला. सिस्टरनी वाचलं. डिस्क फायनलाइज करायची का. त्यानंतर या डिस्कवर काहीही चित्रित करता येणार नाही. शिल्लक वेळ अकरा मिनिटं. 'हो', 'नको'.

शेवटची ओळ वाचताना सिस्टरचा आवाज बदलला. काकांनी तो ओळखला. एकतीस वर्षं छापील मजकूर वाचला तरी माणसाचा आवाज त्यांना कळत नव्हता असं नाही. त्यांनी विचारलं की डिस्क अशीच उघडी कोणी ठेवली.

सिस्टर आधी म्हणाल्या की राहून गेली असेल. मग म्हणाल्या, "ताईनेच सांगितलं होतं. अकरा मिनिटं आहेत म्हणाली, बंद करू नका. बरी होऊन आले की उरलेलं म्हणते."

मशीन पुन्हा थांबलं, आणि या खेपेला लवकर सुरू झालं नाही.

सिस्टरनी डोळे पुसले आणि बोट बटणाकडे नेलं. काकांनी कॅमेरा मागे घेतला. इतका हलकेच घेतला की सिस्टरना क्षणभर कळलंच नाही. मग काका म्हणाले की आधी ताईंना विचारा, आणि त्या भडकल्या. मी तिची सख्खी बहीण आहे, म्हणाल्या. तिच्या ड्रेसिंगच्या पट्ट्या मी बदलल्या आहेत. तिला विचारायचं म्हणजे काय करायचं, अकरा वर्षांनी तिच्यापुढे हा प्रश्न धरायचा, की बाई, तुमचं उरलेलं गाणं आता होणार नाही, सही करा? आणि वाढदिवसाची गंमत असते काका, आधी विचारून कोणी गंमत करत नाही.

काकांना फक्त एवढंच दिसत होतं की अकरा मिनिटं ज्या बाईंची आहेत त्या इथे नाहीत. "ती मिनिटं तुमची नाहीत, सिस्टर," ते म्हणाले. "माझी तर नाहीतच."

सिस्टरनी कॅमेरा, चार्जर, डिस्क, लॅपटॉप सगळं पिशवीत भरलं आणि दुकानाबाहेर पडल्या. जाताना त्यांनी दुसरं कोणीतरी बघते असं म्हटलं, आणि या रस्त्यावर दुसरे तिघेजण होतेही, जे काहीही न वाचता फटकन बटण दाबून देतील.

काकूंनी त्या वळणाआड जाईपर्यंत वाट पाहिली. "सगळ्या जगाचं वाचून झालं असेल," त्या म्हणाल्या, "तर एकदा त्या बाईचं तोंड वाचायचं होतं." काका डब्यातल्या वायरी आवरू लागले. काकू बरोबर बोलत होत्या आणि आपणही बरोबर वागलो होतो, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असल्या की माणसाला जेवण जात नाही. तो कॅमेरा शेवटच्या घटका मोजत होता. आज दिवा लागला, उद्या लागेलच याची खात्री नव्हती. उद्या तो लागला नाही तर गाण्याच्या बाईंचा आवाज आपल्या तत्त्वापायी गेला, हे काकांना मरेपर्यंत पुरलं असतं. त्यांनी संध्याकाळपर्यंत कोंबड्यांची डिस्क दोनदा पाहिली.

शनिवारी अकराच्या सुमाराला सिस्टर पुन्हा आल्या, आणि त्यांच्यामागून उंच, सडपातळ, गळ्याला रेशमी रुमाल बांधलेल्या एक बाई दुकानात शिरल्या. काकांनी त्यांना लगेच ओळखलं, काल त्यांना काड्यापेटीएवढं पाहिलं होतं. बाईंनी दुकान न्याहाळलं, खडूची रेघ पाहिली, आणि खांद्याच्या पिशवीतून पाटी काढून लिहिलं, 'बटण न दाबणारे मेकॅनिक तुम्हीच का?'

काका म्हणाले की हो, मीच. बाई गालात हसल्या. सिस्टर भिंतीकडे बघत म्हणाल्या की रात्रभर तळमळले, सकाळी उठून हिला सगळं सांगून टाकलं, गमतीचं वाटोळं झालं, तुम्हाला बरं वाटलं असेल. काकांना खरंच बरं वाटलं होतं, पण तसं म्हणण्याइतके ते खुळे नव्हते.

वायर लावली. दिवा लागला नाही. काकांनी वायर काढून पुन्हा लावली, चार्जरचं टोक फुंकलं, दुसऱ्या प्लगमध्ये घातलं. तिसऱ्या खेपेला हिरवा ठिपका दिसला. काकांनी मेनूतली ती ओळ काढली आणि कॅमेरा बाईंच्या हातात देऊन हात मागे बांधले. बाईंना मोठ्याने वाचता येणार नव्हतं. त्यांनी बोट ठेवून एकेक शब्द वाचला. शिल्लक वेळ अकरा मिनिटं, इथे बोट थांबलं आणि बराच वेळ तिथेच राहिलं. सिस्टर पुढे होणार होत्या, काकूंनी त्यांचा पदर धरून ठेवला.

मग बाईंनी 'नको' दाबलं.

सिस्टर मटकन स्टुलावर बसल्या. काकांना वाटलं, संपलं. पण बाई पाटीवर भराभर लिहीत होत्या. 'आधी अकरा मिनिटं भरू. वाया का घालवायची? ही गाईल.' आणि त्यांनी खडूचं टोक सिस्टरकडे रोखलं.

सिस्टर म्हणाल्या की मला गाता येत नाही, हे हिला सगळ्यात जास्त माहीत आहे, लहानपणी हिनेच मला घरातल्या समारंभात नुसतं तोंड हलवायला सांगितलं होतं. बाईंनी मान डोलावली, हो, सांगितलं होतं. पण कॅमेरा काकूंच्या कपड्यांच्या गठ्ठ्यावर ठेवून, काच सिस्टरकडे वळवून, त्या समोर बसल्या आणि मांडीवर ठेका धरला. चित्रण सुरू झालं होतं. सिस्टरनी गायला सुरुवात केली. तेच गाणं, जे डिस्कमध्ये आधी होतं. सूर असा लागला की काकूंनी घाईने सुई तोंडात धरली, हसू येऊ नये म्हणून. बाई मात्र हसत नव्हत्या. त्या हात वर करून सूर चढवायच्या, हात खाली करून उतरवायच्या, चुकलं की बोटाने थांबवून पुन्हा म्हणायला लावायच्या. वर्गात असंच शिकवत असणार. सातव्या मिनिटाला सिस्टरचं एक कडवं जवळजवळ बरं गेलं आणि बाईंनी आवाज न करता टाळी वाजवली. अकरा मिनिटं संपली तेव्हा कॅमेरा आपणहून थांबला.

बाईंनी मेनू उघडला, ती ओळ पुन्हा वाचली, आता शिल्लक काहीच नव्हतं, आणि 'हो' दाबलं. कोणाकडे पाहिलं नाही.

पडद्यावर सूचना आली की काम चालू आहे, कॅमेरा हलवू नका. काकूंनी मशीनवरून पाय काढून घेतला, कारण त्यांचं मशीन चाललं की टेबल थरथरतं. बाहेरून एक गिऱ्हाईक पँट घ्यायला आलं, त्याला काकूंनी बोटानेच परत पाठवलं. चौघं जणं चार मिनिटं एका हिरव्या ठिपक्याकडे बघत उभी राहिली. मग आतून टक् असा आवाज आला आणि कॅमेऱ्याने झाकण उघडलं.

डिस्क लॅपटॉपला लावली. ड्राइव्ह कण्हला. एक चौकट आली, पण ती रिकामी आहे असं सांगणारी नव्हती. चित्रफीत सुरू करायची का, एवढंच विचारत होती. बाईंनी सुरू केलं. आधी नुसता काळोख दिसला, मग खुर्चीचे पाय, मग यजमानांचा अंगठा. सिस्टरनी बहिणीचा हात घट्ट धरला होता. आता गाणं लागेल म्हणून सगळे कान टवकारून बसले. पण गाण्याच्या आधी, कॅमेरा अजून इकडेतिकडे हलत असताना, एक मोकळा, जरासा खर्जातला, घाईत असलेला आवाज आला.

"ए ढमे, दार लाव ना आधी. सगळा रस्ता आत येतोय."

सिस्टरना ढमी म्हणणारं जगात एकच माणूस होतं. दवाखान्यात त्या सिस्टर होत्या, घरी आई होत्या, आजी होत्या, आणि पाटीवर त्यांचं कुठलंच नाव लिहायची वेळ येत नसे, खूण केली की पुरायचं. अकरा वर्षं त्यांना त्या नावाने कोणी हाक मारली नव्हती. ती हाक राहून गेली आहे हेही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं, सगळेजण गाण्यालाच रडत होते.

सिस्टर उठल्या. आपण काय करतो आहोत हे त्यांना कळत नव्हतं. बहिणीचा हात सोडून त्या चार पावलं चालत गेल्या, आणि दुकानाचं दार लावून आल्या.